भूमिकेचे वय, नटाचे वय

‘पंत सत्तरीतही लखोबा करायचे’, असे आपल्याकडे सांगितले जाते तेव्हा सांगणाऱ्याच्या आवाजात कौतुक असते, आणि ऐकणाऱ्याने मान डोलवावी अशी अपेक्षा असते. करायचे हे खरे. पण तो पटायचा का? हा प्रश्न विचारणे आपल्या नाट्यव्यवहारात जवळजवळ असभ्य मानले जाते. परीक्षणे असे प्रसंग ‘या वयातही तोच उत्साह’ या एका वाक्यात निकालात काढतात. ‘या वयातही’ हा शब्दप्रयोग मुळात भूमिकेबद्दल काहीच सांगत नाही. तो नटाच्या प्रकृतीबद्दल सांगतो. नट तीन तास उभा राहिला, धापा न टाकता बोलला, याचे आपण अभिनंदन करतो. आणि ज्या माणसाचे सोंग त्याने घेतले होते तो माणूस आपल्यापुढे उभा राहिला की नाही, ही चौकशी मागे पडते.

ही चौकशी करायची तर प्रभाकर पणशीकरांच्या लखोबा लोखंडेपासून सुरुवात करणे सोयीचे, कारण एकाच नटाने एकच भूमिका इतकी वर्षे केल्याचे उदाहरण मराठीत दुर्मीळ आहे. आचार्य अत्रे यांच्या ‘तो मी नव्हेच’चा पहिला प्रयोग ८ ऑक्टोबर १९६२ रोजी दिल्लीत झाला. दिग्दर्शन मो. ग. रांगणेकरांचे, आणि मराठी रंगभूमीवर नवलाईचा ठरलेला फिरता रंगमंच. पणशीकरांचा जन्म १४ मार्च १९३१चा. म्हणजे पहिल्या लखोबाचे वय ३१. पुढे चार दशकांहून अधिक काळ, अडीच हजारांवर प्रयोग त्यांनी केले. मधल्या काळात ‘नाट्यसंपदा’ उभी राहिली, औरंगजेब आला, प्रा. विद्यानंद आला, पण माणसे ‘पंत’ म्हटले की लखोबाच आठवत राहिली. त्यांच्या आत्मचरित्राचे नाव ‘तोच मी’ असावे, यातच काय ते आले.

नाटकाची रचना सगळ्यांना ठाऊक आहे, तरी या लेखाच्या कामापुरती ती पुन्हा पाहायला हवी. माधव काझीच्या गाजलेल्या खटल्यावरून अत्र्यांना विषय सुचला. रंगमंचावर न्यायालय आहे. आरोपी म्हणतो, मी निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे, तुम्ही म्हणता तो मी नाही. साक्षीदार एकेक करून येतात आणि त्यांच्या साक्षीबरोबर रंगमंच फिरतो, भूतकाळ उघडतो. त्या भूतकाळात तोच नट दिवाकर दातार होऊन येतो, दाजीशास्त्री होतो, राधेश्याम महाराज होतो, कॅप्टन अशोक परांजपे होतो. रंगमंच परत फिरला की आरोपीच्या पिंजऱ्यात पुन्हा लखोबा, निपाणीकडच्या वळणाची बोली बोलत, शांतपणे नकार देत उभा. वेषांतराची ही चपळाई लोकांना वेड लावून गेली.

आता या रचनेत एक गोष्ट दडलेली आहे आणि माझ्या मते वृद्ध लखोबाचे सगळे यशापयश तिच्यावर अवलंबून आहे. नाटकात दोन काळ आहेत. न्यायालय हा वर्तमान, आणि साक्षी हा भूतकाळ. पहिल्यात आरोपी नाकारतो, दुसऱ्यात तो भुलवतो. नाकारायला वय आड येत नाही. भुलवायला येते.

हे माझ्या लक्षात यायला एक बाहेरची नजर लागली. मी राहतो त्या सिल्व्हर पार्कमध्ये, मीरा-भाईंदर रस्त्यावर, जिथे डोक्यावरून आता मेट्रोचा पूल जातो, तिथे मराठी घरे आहेत ती बहुतेक गिरगाव-दादर-लालबागेतून जागांच्या भावांनी इकडे ढकललेली. महापालिकेचे लता मंगेशकर नाट्यगृह होईपर्यंत आमच्यासाठी नाटक म्हणजे बोरिवलीचे प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृह, नाहीतर ठाण्याचे गडकरी रंगायतन. सोसायटीच्या सभागृहात आम्ही काही जण अधूनमधून पडदा लावून जुन्या नाटकांची मुद्रणे पाहतो. एकदा ‘तो मी नव्हेच’ लावले. मुद्रण पंतांच्या उतारवयातले. सभागृहात साठीच्या पुढचे बरेच, आणि मोजकी तरुण मुले. न्यायालयाचे प्रवेश रंगले. उलटतपासणीला आमच्या वयाची मंडळी पुढचे वाक्य आधीच पुटपुटत होती. मग दिवाकर दातारचा विवाहेच्छू अवतार आला, आणि कॉलेजात जाणारी एक मुलगी, जिच्या घरी नाटकाचे वातावरण नाही, शेजारच्या आजींना हळूच म्हणाली, “आजी, पण ही मुलगी या काकांशी लग्नाला तयार कशी झाली?”

आजी म्हणाल्या, “अगं, ते पणशीकर आहेत!”

आजींचे उत्तर प्रामाणिक होते आणि त्यात सगळे दुखणेही होते. मुलगी दिवाकर दातारबद्दल विचारत होती, आजी पणशीकरांबद्दल सांगत होत्या. आजींनी तो प्रवेश कधीतरी साठच्या दशकात पाहिला असणार. समोरच्या पडद्यावर त्या जे पाहत होत्या त्यावर त्यांच्या आठवणीतला तिशीतला देखणा नट बसलेला होता, जसा घरच्या जुन्या फोटोवर आपण मनातला चेहरा बसवतो. मुलीजवळ ती आठवण नव्हती. तिला फक्त जे दिसत होते ते दिसत होते.

तर वृद्ध नटासमोर नेहमी दोन प्रेक्षागृहे असतात. एक आठवणीने पाहणारे आणि एक डोळ्यांनी पाहणारे. पहिले जितके मोठे, तितका नटाला आपण पटतो आहोत असा भास होतो. टाळ्या खऱ्या असतात, पण त्या आजच्या प्रवेशाला असतातच असे नाही. आणि मुलीचा प्रश्न साधा नव्हता, तो नाटकाच्या गाभ्याला हात घालणारा होता. ‘तो मी नव्हेच’ ही फसवल्या गेलेल्या स्त्रियांची गोष्ट आहे. त्यांची फसवणूक पटली नाही, तर त्या भोळ्या न वाटता मूर्ख वाटू लागतात, आणि अत्र्यांनी ज्यांच्या बाजूने नाटक लिहिले त्यांच्यावरच प्रेक्षक हसू लागतो. वयाचा प्रश्न इथे नटाच्या रूपापुरता राहत नाही. समोरच्या नटीच्या भूमिकेचा न्याय त्यावर ठरतो. याची नोंद मी कुठल्या परीक्षणात वाचलेली नाही.

आता दुसरी बाजू. पिंजऱ्यातला वृद्ध लखोबा मला तरुण लखोबापेक्षा श्रेष्ठ वाटतो. मी पंतांना प्रत्यक्ष रंगमंचावर दोनदा पाहिले. पहिल्यांदा शाळकरी वयात, दुसऱ्यांदा त्यांची सत्तरी जवळ आली होती तेव्हा. पहिल्या वेळचे मला वेषांतरच आठवते: हा गेला कुठून आणि आला कुठून! दुसऱ्या वेळी वेषांतराकडे लक्षच गेले नाही, ते आता पाठच होते. लक्ष गेले ते नकाराकडे. तरुण माणूस खोटे बोलतो तेव्हा पकडले जाण्याची शक्यता त्याच्या अंगात कुठेतरी थरथरत असते, आणि तिचीच गंमत असते. उतारवयाचा लखोबा नुसता उभा राहायचा. आयुष्यभर खोटे बोललेल्या माणसाला खोटे बोलायला कष्ट पडत नाहीत. त्याचा आता तो स्वभाव झालेला असतो. साक्षीदार रडते आहे आणि हा माणूस तिच्याकडे, दुकानात चुकीच्या पत्त्यावर आलेल्या गिऱ्हाइकाकडे पाहावे तसा पाहतो आहे. ते पाहताना मला पहिल्यांदाच लखोबाची भीती वाटली. शाळकरी वयात नुसती मजा वाटली होती. (यात माझ्या वयाचाही वाटा असेल. तो वजा करून पाहण्याचा प्रयत्न मी केला आहे.)

दाजीशास्त्री आणि राधेश्याम महाराज यांचे फारसे बिघडले नाही, हे ओघाने आलेच. शास्त्री आणि बुवा यांना वय शोभते. कॅप्टन परांजपेच्या गणवेशात मात्र ताठपणा कमावलेला दिसायचा. म्हणजे ‘लखोबा अजून पटतो का’ या प्रश्नाला एक उत्तर नाहीच. एकाच रात्री, एकाच नटाचा, एक तृतीयांश लखोबा पूर्वीपेक्षा सरस होता, काही भाग जेमतेम होता आणि एक प्रवेश कोसळत होता.

भुलवण्याच्या भूमिकेत वय आड येते, या माझ्या म्हणण्याला सर्वांत मोठा आक्षेप म्हणजे बालगंधर्व. नारायणराव राजहंसांचा जन्म २६ जून १८८८चा. ‘मानापमान’ची भामिनी १९११ची, ‘स्वयंवर’ची रुक्मिणी १९१६ची, ‘एकच प्याला’तली सिंधू १९१९ची. म्हणजे ज्या भूमिकांनी महाराष्ट्राला वेड लावले त्या बाविशी ते तिशीतल्या. पण स्त्रीवेष उतरला नाही. पन्नाशी ओलांडली, शरीर सुटले, स्त्रिया स्वतः रंगभूमीवर येऊ लागल्या, बोलपट आला, तरी नारायणराव शालू नेसून उभे राहिले आणि लोक तिकिटे काढून आले. मग कसे पटत होते ते?

उत्तर ध्वनिमुद्रिकांत आहे. बालगंधर्वांच्या बाबतीत प्रेक्षक डोळ्यांनी आत यायचा आणि कानांनी बसायचा. संगीत नाटकाचा करारच तसा होता. पद सुरू झाले की कथानक थांबते, भूमिका थांबते, आणि वन्समोअरच्या अवकाशात सिंधूचे वय किती हा प्रश्नच उरत नाही. गळा जोवर लागत होता तोवर हा करार टिकला. कॅमेऱ्याने तो मोडला. १९३५मध्ये ‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’त व्ही. शांताराम यांनी त्यांना एकनाथ केले, पुरुषवेषात. हा निर्णय मला शांतारामांच्या शहाणपणाचा वाटतो. पण १९३७च्या ‘साध्वी मीराबाई’त नारायणराव पुन्हा स्त्रीवेषात उभे राहिले, आता पन्नाशीला टेकलेले, आणि समोर भिंग होते. नाट्यगृहातला विसाव्या रांगेतला प्रेक्षक जी गोष्ट दिव्यांच्या उजेडात आणि सुरांच्या धुंदीत पोटात घालत होता, ती भिंगाच्या पोटात मावत नाही. सूर तेच, माणूस तोच. पाहण्याचे अंतर बदलले.

संशोधकाची एक अडचण इथे नमूद करतो. तरुण बालगंधर्वांची छायाचित्रे घरोघरी, दिनदर्शिकांवर, पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर आहेत. उतारवयातल्या सिंधूचे छायाचित्र आपण सहसा लावत नाही. आपल्या आठवणीच्या कारखान्याने नको तो माल आधीच बाजूला काढलेला असतो. केशवराव भोसल्यांच्या बाबतीत तर हा प्रश्नच उद्भवला नाही. ८ जुलै १९२१ला संयुक्त ‘मानापमान’मध्ये त्यांचा धैर्यधर बालगंधर्वांच्या भामिनीसमोर उभा राहिला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात, वयाच्या ३१व्या वर्षी केशवराव गेले. त्यांचा धैर्यधर कायम तरुण. त्याची किंमत केवढी, हे मात्र आपण विसरतो.

भामिनी-सिंधूच्या प्रेमापोटी प्रेक्षकांनी नारायणरावांचे भले केले की नुकसान, याविषयी माझे मत कठोर आहे. डोक्यावर कर्ज असलेला, देण्याघेण्याचा हिशेब न कळणारा हा कलावंत. त्याच्याजवळ विकायला एकच गोष्ट होती, आणि ती आम्हाला अजून हवी आहे असे महाराष्ट्र त्याला सांगत राहिला. कुणीतरी थांबा म्हणायला हवे होते. ते काम समीक्षेचे होते. समीक्षा रडत बसली होती.

तिसरे उदाहरण उलट्या दिशेचे. वि. वा. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ २३ डिसेंबर १९७० रोजी मुंबईच्या बिर्ला मातोश्री सभागृहात रंगमंचावर आले तेव्हा डॉ. श्रीराम लागू ४३ वर्षांचे होते आणि गणपतराव बेलवलकर निवृत्त. म्हणजे नटाला वय चढवायचे होते, लपवायचे नव्हते. डॉक्टरांनी ते कसे चढवले याचे वर्णन पुष्कळांनी केले आहे, मी त्यात भर घालत नाही. मला महत्त्वाचे वाटते ते वेगळे: आपल्या लेखाचा विषय शिरवाडकरांनी नाटकातच घालून ठेवला आहे. बेलवलकर हा गाजलेल्या भूमिकांकडे परतणारा वृद्ध नट आहे. ऑथेल्लो, ज्युलियस सीझर, हॅम्लेट तो घरात करतो, रस्त्यावर करतो, बूटपॉलिश करणाऱ्या राजासमोर करतो. आणि नाटककार आपल्याला विचारतो, पटतो का? सून-जावयाच्या घरात पटत नाही. तिथे त्या भूमिका म्हणजे म्हाताऱ्याची कटकट. राजासमोर पटतात. राजाने बेलवलकरांना त्यांच्या भरात कधी पाहिलेले नाही. तो आमच्या सभागृहातल्या मुलीसारखा डोळ्यांनी पाहणारा आहे, आणि तरीही त्याला पटते. कारण बेलवलकर आता राजपुत्राचे सोंग वठवत नाहीत. घर गेलेला माणूस घर गेलेल्या राजाचे शब्द बोलतो आहे. वय भूमिकेच्या आड येत नाही, वयच भूमिका झाले आहे.

आणखी एक गोष्ट. ‘नटसम्राट’ डॉक्टरांनंतर दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त यांनी केले. भूमिका हातोहात फिरली. डॉक्टर स्वतः सत्तरी गाठत असताना काय करत होते? १९९९मध्ये मकरंद साठे यांच्या ‘सूर्य पाहिलेला माणूस’मध्ये, अतुल पेठे यांच्या दिग्दर्शनाखाली, ते सॉक्रेटिस झाले. बेलवलकरांच्या वयाला पोचल्यावर बेलवलकरांकडे परत जाणे किती सोपे होते! बुकिंग खिडकीवर रांग लागली असती. नवी, कोरडी, वादविवादाने भरलेली संहिता पाठ करण्यात त्यांनी तो काळ घालवला. उतारवयातल्या नटाने काय करावे याचे इतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे दिसत नाही.

जपानी नो रंगभूमीचा आचार्य झेआमी आपल्या वडिलांविषयी असेच काही लिहून गेला आहे. कानामी ५२व्या वर्षी, १३८४मध्ये वारला. त्या अखेरच्या काळात त्याने बहुतेक नाटके तरुणांच्या हवाली केली होती आणि स्वतः सोपी, थोडी, आपल्या अंगाला झेपतील तेवढीच करत असे. पाहणाऱ्यांना त्याचे ‘फूल’ पूर्वीपेक्षा उमललेले वाटले, असे मुलगा सांगतो. फांदीवर पाने थोडी उरली होती, फूल मात्र होते. आपल्याकडच्या नटांना आणि विशेषतः निर्मात्यांना हा ग्रंथ वाचून दाखवावा असे मला अनेकदा वाटते.

निर्मात्यांचा उल्लेख मुद्दाम केला. वृद्ध नट जुन्या भूमिकेकडे परततो तो बहुधा एकटा परतत नाही. शनिवार-रविवारच्या तारखा त्याच्याबरोबर जातात. नाट्यगृहे मोजकी, चांगल्या तारखा त्याहून मोजक्या. हुकमी नावाचे पुनरागमन झाले की एखादे नवे नाटक मंगळवारी दुपारी ढकलले जाते आणि पंधराव्या प्रयोगाला बंद पडते. मला पुनरागमनाचा राग नाही. काही भूमिका तर नटाबरोबर पिकतात. ‘वस्त्रहरण’चे तात्या सरपंच १९८०पासून अखेरपर्यंत मच्छिंद्र कांबळींनी केले आणि वय वाढत गेले तसे ते सरपंच अधिकच सरपंच होत गेले, कारण गावातल्या नाटकाची मोट बांधणाऱ्या त्या माणसाला तारुण्याची गरजच नव्हती. प्रशांत दामले आणि कविता लाड यांनी १९९८च्या ‘एका लग्नाची गोष्ट’नंतर वीस वर्षांनी, २०१८मध्ये, ‘एका लग्नाची पुढची गोष्ट’ केली. हाही प्रामाणिक मार्ग. जुने कपडे अंगात घुसवण्यापेक्षा नवे शिवून घेतले. लग्नाला बरीच वर्षे झालेले जोडपे लग्नाला बरीच वर्षे झालेलेच दिसले, आणि त्या दोघांची आठवण बाळगून आलेल्या प्रेक्षकाला आपल्या आठवणीशी भांडावे लागले नाही.

पण ज्या भूमिकेचा पायाच तारुण्य आहे, ती परत मागितली जाते तेव्हा प्रेक्षक म्हणून आपण काय मागतो आहोत? माझ्या मते आपण नाटक मागत नसतो. आपले तेव्हाचे वय मागत असतो, आणि ते आणून देण्याची सक्ती एका थकलेल्या माणसावर करत असतो. दातारच्या प्रवेशात पंत कमी पडत होते, तो दोष मी पंतांना देत नाही. तो प्रवेश एखाद्या तरुण नटाकडून करवून घेणे तांत्रिकदृष्ट्या अशक्य नव्हते. न्यायालयातला लखोबा पंतांचा आणि भूतकाळातला दातार दुसऱ्याचा. साक्षीदारांना ‘हाच तो’ म्हणताना कष्ट पडले असते, आणि आरोपीच्या नकाराला आणखी धार आली असती. पाचही रूपे एकाच नटाची, हा या नाटकाचा लौकिक त्यामुळे मोडला असता, हे खरे. लौकिक वाचवण्यासाठी फसवणूक पातळ होऊ दिली गेली.

पंत १३ जानेवारी २०११ रोजी गेले. पुढे डॉ. गिरीश ओक यांनी लखोबा उभा केला. त्या प्रयोगाला गेलो असताना मध्यंतरात चहाच्या रांगेत माझ्या पुढचे दोघे ‘पंतांची सर नाही’ यावर एकमताने बोलत होते. त्यातल्या एकाने पंतांचा प्रयोग पाहिलेला नव्हता, हे त्याच्याच पुढच्या वाक्यावरून कळले.